माडीखालचे दुमिंगमास्तर

दुमिंगमास्तरांना आम्ही सगळे घाबरायचो, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की लोक त्याला पाकात घोळवतात, मला ते जमत नाही. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळात अशी एक बाई नव्हती जिला मास्तरांनी रडवलं नाही, आणि असा एक बाप्या नव्हता ज्याला ‘तू खुर्च्या लावायचं बघ, गाण्याचं राहू दे’ असं ऐकावं लागलं नाही. तरी आम्ही बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी तालमीला जायचो. ऑफिसातून यायचं, कुकर लावायचा, शिट्ट्या सासूच्या भरवशावर सोडायच्या आणि पळायचं. का जायचो, देव जाणे!

आमचं गाव वसईजवळ, उमेळ्याच्या अंगाला. तेव्हा केळीच्या वाड्या अजून होत्या, पण एकेका वाडीत बिल्डिंगचे खड्डे पडायला लागले होते. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. उंच, वाळलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने करकचून बांधलेली व्हायोलिनची पेटी. गावातून ते चालले की कट्ट्यावरचे पोरगे शिट्टी वाजवायचं थांबवायचे. आदर बिदर काही नाही, मास्तर सायकल थांबवून शिट्टी दुरुस्त करून घ्यायचे म्हणून.

तालमीचे त्यांचे नियम ऐकाल तर हसाल. पंखा बंद. मे महिन्यातही बंद, कारण पंख्याला स्वतःचा सूर असतो आणि आम्ही नकळत त्यात जातो म्हणे. आल्याआल्या प्रत्येकाने फुलपात्रभर गरम पाणी प्यायचं. तालमीच्या दिवशी कैरी, चिंच, ताक बंद, आणि कुणी खाल्लं असेल तर त्यांना पहिल्या ओळीत कळायचं. “कोणी कैरी खाल्ली?” असं विचारून ते नेमके त्या बाईकडेच बघायचे. नावं घेऊन त्यांनी कुणाला कधी हाक मारली नाही. बायकांत उंच गाणाऱ्या त्या ‘पहिला आवाज’, आम्ही खालच्या सुरातल्या त्या ‘दुसरा’. मला वीस वर्षं ते “ए दुसऱ्या” म्हणत आले. माझं नाव रोझी आहे हे त्यांना माहीत तरी होतं का, मला शंका आहे. पहिल्या आवाजवाल्या बायका गाणं ओढत पुढे न्यायला लागल्या की व्हायोलिनचा गज वर धरून म्हणायचे, “देवाला घाई नाही. तुम्हाला कुठं जायचंय?”

एकदा दुबईहून सुट्टीवर आलेल्या कुणीतरी देवळाला कीबोर्ड भेट दिला. आमचा ग्रेगरी तो वाजवायला बसला. हाताला कला होती पोराच्या, अक्कल बेताची. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, अर्पणाच्या वेळी त्याचं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि कीबोर्डातून ढिंगचॅक ढिंगचॅक सुरू झालं. बंद करायच्या नादात त्याने आवाज आणखी वाढवला. आम्ही वर गाणाऱ्यांच्या माडीवर, खाली वेदीपाशी फादर थिजले. मास्तर शांतपणे उठले, भिंतीतला प्लग उपटला, आणि गाणं जिथे तुटलं होतं त्याच अक्षरावर व्हायोलिन टेकवून पुढे सुरू केलं. मिस्सा संपल्यावर ग्रेगरी कान पकडून उभा. मास्तर पेटी बांधता बांधता म्हणाले, “देव खूश झाला असेल रे. पण आज कुणाचं लग्न नव्हतं.”

अख्ख्या गावात मास्तरांना न घाबरणारं माणूस एकच. त्यांची बायको, मार्ताबाय. ठेंगणी, जाडजूड, वसईच्या बाजारात केळीची पानं आणि अंडी घेऊन बसायची, आणि तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मास्तर घरी रियाजाला बसले की ती चुलीजवळून ओरडायची, “ओ, त्या मांजरीला सोडा आता. कालवण निवतंय.” आणि मास्तर निमूट उठायचे. मिस्सेला ती खांबाजवळच्या बाकावर बसायची. मिस्सा सुटली की मास्तर माडीवरून उतरून थेट तिच्याकडे जायचे, आणि ती आपलं मत द्यायची. “आज लांबलं.” नाहीतर, “आज बरं झालं, आटपलं लवकर.” एवढंच. बिशपांनी पाठ थोपटली तरी मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे, पण मार्ताबाय ‘बरं झालं’ म्हणाली की ते सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत घरी जायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माडी म्हणजे आमच्या देवळात मागच्या बाजूला, मोठ्या दरवाजाच्या डोक्यावर, लाकडी सज्जा आहे. गाणारे तिथे. खाली बसणाऱ्यांची आमच्याकडे पाठ असते, आम्हाला सगळ्यांची टाळकी दिसतात. या माडीचा मास्तरांनी एक कायदा केला होता. गावाचा रिवाज होताच: घरात मरण झालं की वर्षभर काळे कपडे, वर्षभर रेडिओ बंद, लग्नाच्या मांडवात जायचं नाही. मास्तरांनी तो रिवाज माडीपर्यंत आणला. ज्याच्या घरात मरण, त्याला वर्षभर माडी बंद. खाली बसायचं, ऐकायचं, तोंड मिटून. सूट नाही.

लुदविना लग्न होऊन आमच्या गावात आली ते साल मला आठवतं. पाचूबंदरच्या कोळ्याची मुलगी. आवाज असा की पहिल्या तालमीला मास्तरांनी तिला गरम पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या नाताळात तिला एकटीने गायचं एक कडवं दिलं होतं. आणि नाताळच्या तोंडावर तिचा बाप गेला. कावीळ झाली होती. मध्यरात्रीच्या मिस्सेला लुदविना काळ्या साडीत माडीच्या जिन्याशी आली. मास्तर वरच्या पायरीवर उभे.

“घरात मरण झालंय,” ते म्हणाले. “वर्षभर खाली.”

“मास्तर, माहेरचं हाय ते. सासरी नाय धरत आमच्यात.”

“बाप तो बाप. खाली.”

“मास्तर, मला गाऊ द्या. मला काय होतंय कोनाला सांगू? गायलं नाय तर मी फुटेन.”

“रडायचं तर घरी रडायचं. माडीवर रडलेला सूर मला नको,” मास्तर म्हणाले आणि वळले. लुदविना खाली बायकांच्या बाकावर जाऊन बसली. तिचं कडवं त्या वर्षी कुणीच गायलं नाही, मास्तरांनी तेवढी जागा नुसती व्हायोलिनवर वाजवली. गावात पुष्कळ बोलणं झालं. दगड आहे, काळीज नाही, वगैरे. मीही बोलले. त्यांच्या पाठीमागे, अर्थात.

मग आमच्या देवळाची शताब्दी आली. बिशप येणार, मंडप, जेवणावळ, जुन्या फादरांचे फोटो, सगळं ठरलं. गाण्याचं सगळं मास्तरांवर. ते दोन वर्षं आधीपासून मागे लागले. आमचे आजे-पणजे गायचे ती लॅटिन गाणी त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून काढून घेतली. मग मराठी मिस्सा सुरू झाली तेव्हाची पहिली गाणी. आणि शेवटी आभाराचं एक गाणं, चाल त्यांची स्वतःची. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी बसवली त्या माणसाने, हे एकच स्वतःचं. सुरुवात लुदविनाने एकटीने करायची, मग आम्ही दुसरे आवाज खालून यायचं, मग बाप्ये. पहिल्यांदा पूर्ण गाऊन झालं त्या दिवशी त्यांनी आपल्या हाताने पंखा लावला. आम्ही एकमेकींकडे बघत बसलो.

शताब्दीच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मार्ताबाय गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आठवडाभरात माती. मातीला आम्ही गायलो, मास्तर खड्ड्याशी हात बांधून उभे होते. उपवासाच्या दिवसांत आमच्याकडे वाद्यं तशीही बंदच असतात, त्यामुळे त्यांची पेटी उघडत नाही याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ईस्टरच्या रात्री सगळ्या घंटा वाजल्या, सगळी वाद्यं परत सुरू झाली, आणि मास्तर काळी फीत लावून खाली बाप्यांच्या बाकावर बसलेले दिसले. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कायदा त्यांना स्वतःलाही लागू होता. आणि शताब्दी त्यांच्या दुखवट्याचं वर्ष सरायच्या आत होती.

मोठे फादर त्यांच्या घरी गेले. मी तेव्हा डबा द्यायला गेले होते म्हणून मला ऐकायला मिळालं.

“मास्तर, हा काही चर्चचा नियम नाही,” फादर म्हणाले. “मी सांगतो तुम्हाला, वर चढा.”

“माहीत आहे फादर. चर्चचा नाही. माझा आहे.”

“मग तुम्हीच मोडा.”

मास्तर रागावले नव्हते, दुःखातही दिसत नव्हते. मी आणलेल्या डब्याकडे बघत होते, जसं कुणी बसस्टॉपवर समोरच्या दुकानाची पाटी बघतं.

तालमीला मात्र ते येत. शाळेच्या खोलीत आम्ही गायचो, ते व्हरांड्यातल्या पायरीवर बसायचे. व्हायोलिन नाही, हात हलवणं नाही. सूर ग्रेगरी कीबोर्डवर द्यायचा, सांभाळायचं लुदविनाने. सुरुवातीला आम्हाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पंखा लावून गायलो. मग एकदा मला राहवलं नाही. म्हटलं बघू तरी. आभाराच्या गाण्यात मी मुद्दाम सूर सोडला, चांगला खणखणीत, शेजारच्या बाईने मला कोपर मारलं इतका. सगळे दाराकडे बघायला लागले. मास्तर तसेच पायरीवर. मी बाहेर गेले.

“मास्तर, कसं झालं?”

“ठीक.”

“मी चुकले, मास्तर.”

“हो का,” ते म्हणाले. “असेल.”

मी आत आले आणि मला गाता येईना. इतक्या वर्षांत त्यांनी मला शंभरदा रडवलं असेल, पण त्या ‘असेल’ने मी जितकी घाबरले तितकी कधीच घाबरले नव्हते. पुढच्या तालमीला आम्ही आपणहून पंखा बंद केला. गरम पाणी प्यायलो. मास्तरांना त्यातलं काही कळलं का, माहीत नाही. महिने जात होते आणि आम्ही यंत्रासारखे गात होतो. सूर बरोबर, ताल बरोबर, आणि कुणाला काही वाटत नव्हतं. त्यांचं ते बधिरपण तापासारखं आम्हाला लागलं होतं.

शताब्दीच्या आदल्या आठवड्यात लुदविनाची सासू गेली.

म्हातारी बरेच दिवस अंथरुणाला होती, मरण चांगलं आलं, पण वेळ! लुदविना काळ्या साडीत घरीच बसली, तालमीला आलीच नाही. आम्ही तिच्याकडे गेलो तर म्हणाली, “नियम हाय ना. मी कशी वर येऊ? मास्तर सोता खाली बसल्यात.” ग्रेगरी म्हणाला, तिचं कडवं आपण कीबोर्डवर वाजवू. मला त्याला फटकवावंसं वाटलं.

शताब्दीचा दिवस उजाडला. देऊळ फुलांनी भरलेलं, बाहेर मंडपापर्यंत माणसं, बिशप पेढ्यासारखे गोड हसत आलेले. मिस्सेला अजून अवकाश होता. आम्ही वर माडीवर ओळीने उभे, पहिल्या आवाजात मधोमध एक जागा मोकळी. मी खाली पाहिलं. डावीकडे बायकांत, पुढून चौथ्या बाकाच्या टोकाला लुदविना. उजवीकडे बाप्यांत मास्तर, काळी फीत. मधे नुसती वाट. आमच्या गावात जुन्या माणसांत अजून बायका-बाप्ये वेगळे बसायचे, आणि मास्तर तर जुन्यातले जुने.

मी तरातरा खाली उतरले. म्हटलं, आज काय ते बोलूनच टाकते, फार तर हाकलतील. मी मास्तरांच्या बाकाशी पोचले आणि तोंड उघडणार तोच ते उठले. माझ्याकडे न बघता वाट ओलांडून बायकांच्या बाजूला गेले. चार बाया सरकून बसल्या. ते लुदविनासमोर उभे राहिले. मी मागोमाग.

“तुला काही होतंय का?” त्यांनी विचारलं.

लुदविना घाबरून उभी राहिली. “म्हंजे, मास्तर?”

“आत. काही होतंय का?”

“होतंय ना,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. “म्हातारीनं मला आईवानी वागवलं. सकाळपासून इथं अडकलंय,” आणि तिने गळ्यावर हात ठेवला.

“बाप गेला तेव्हाही असंच होतं?”

“तेव्हा तर फारच होतं, मास्तर.”

घंटा व्हायला आली होती, लोक माना वळवून बघत होते.

“मला कळलं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “मला वाटायचं, मरण झालं की माणसाचं आत सगळं बंद होतं, माझं झालं तसं, सगळ्यांचं सारखंच. जा, वर जा.”

“पन नियम...”

“मी केला होता. मी मोडतो. जा.”

“मग तुमीबी चला, मास्तर. तुमचं गानं हाय.”

“मला काही होत नाही गं,” मास्तर म्हणाले. अगदी साध्या आवाजात, कुणी पत्ता सांगावा तसं. “ती गेल्यापासून काहीच होत नाही. तुम्ही गाता तेव्हा तोंडं हलताना दिसतात. मी वर येऊन काय करू? तुला होतंय ना? मग तू जा.”

मी लुदविनाचा हात धरला आणि आम्ही दोघी जिना चढलो. ती वर आल्यावर सगळे नुसते सरकले.

मिस्सा झाली. लॅटिन गाणी झाली, म्हातारी माणसं खालून आमच्याबरोबर गायला लागली. शेवटी आभाराचं गाणं. लुदविनाने सुरू केलं, आणि काय सांगू, ते गाणं मी दोन वर्षं गात होते पण मला ते त्या दिवशी कळलं. तिचा आवाज मधे एकदा फाटला. तालमीत फाटला असता तर आम्ही तिथेच मेलो असतो. तिने तो तसाच पुढे नेला. आम्ही दुसरे आवाज खालून आत गेलो. माझं लक्ष सगळं मास्तरांच्या पाठीकडे. सगळं देऊळ उभं होतं, तेही उभे होते. हात बाजूला सोडलेले. मी वाट बघत होते, बोट हलेल, मान हलेल, काहीतरी. काही हललं नाही.

गाणं संपलं. बिशप बसले, फादर बसले, शेकडो माणसं एकदम बसली तसा बाकांचा मोठा आवाज झाला. मास्तर एकटेच उभे राहिले. अख्ख्या देवळात एक वाळका उंच माणूस. शेवटी शेजारच्याने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

बाहेर मंडपात लोकांनी लुदविनाला घेरलं. बिशपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती त्या गर्दीतून वाट काढत मास्तरांकडे आली. ते फाटकाजवळ उभे होते, घरी निघालेले. जेवायला थांबायचं नव्हतं त्यांना, दुखवट्यातलं माणूस जेवणावळीत बसत नाही, तेवढा नियम त्यांनी ठेवला होता. मी तिच्यामागे होते.

“मास्तर,” ती म्हणाली, “आलं का ऐकू?”

मला वाटलं आता तरी हो म्हणतील. तिच्यासाठी म्हणून. आपण म्हटलं असतं. पण त्या माणसाने गाण्यात कधी कुणाची खोटी स्तुती केली नव्हती.

“नाही गं,” मास्तर म्हणाले. “आज नाही आलं.”

मग मास्तरांनी तिच्याकडे, माझ्याकडे, आमच्या मागे येऊन थांबलेल्या सगळ्या गायकांकडे एकदा बघितलं.

“रविवारी परत गा,” ते म्हणाले. “मी येऊन बसतो.”

आणि ते फाटकातून बाहेर पडले. सायकल आणली नव्हती. मंडपात बँड सुरू झाला होता, आणि त्या आवाजात ते दोन्ही बाजूंच्या केळींमधून, पाय न उचलता, सावकाश घरी चालले होते.